एका दिवसाची मजुरी, २८ दिवसांची रेंज

जुलै २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबी डेटा देणारा २८ दिवसांचा पॅक २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेला. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला २९७ रुपये मजुरी मिळत होती. शहरात ही साठ रुपयांची वाढ दोन दिवस चर्चेत राहिली आणि मागे पडली. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर मात्र तिचा हिशेब अगदी सरळ होता. फोन चालू ठेवायचा तर एक दिवस उन्हात माती उपसायची, आणि तरी दोन रुपये कमीच पडत. पॅक महिन्याचा नसून २८ दिवसांचा असल्यामुळे वर्षाला तेरा रिचार्ज लागतात. एका फोनचे ३,८८७ रुपये झाले.

हिशेब इथेच संपत नाही. पॅक दिवसांवर चालतो, रेंजवर नाही. ज्याच्या पाड्यावर रेंजच नाही आणि जो आठवड्याच्या बाजाराला मोलगीला किंवा धडगावला उतरतो, त्याच्या फोनला २८ दिवसांत चारच दिवस टॉवर सापडतो. त्याला तेच २९९ रुपये दिवसाला पंचाहत्तर रुपयांना पडतात. बाजारापर्यंतच्या जीपचं भाडं वेगळं, बुडालेला दिवस वेगळा. भारतात डेटा जगाच्या तुलनेत फार स्वस्त आहे, हे आपण नेहमी ऐकतो. सरासरी म्हणून ते खरंही आहे. पण ज्याला तो डेटा वापरताच येत नाही, त्याच्याइतकी मोठी किंमत या देशात कोणी मोजत नसेल.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. अक्राणीला लोक धडगावच म्हणतात. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास भरली, त्यातले ६९ टक्के आदिवासी. साक्षरता ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. केंद्र सरकारने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, वाशिम आणि उस्मानाबादसोबत नंदुरबारचं नाव त्यात आलं.

मात्र याच जिल्ह्याचं नाव देशाच्या डिजिटल इतिहासात पहिल्या ओळीत आहे. शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पहिला क्रमांक गावातल्या एका आदिवासी महिलेला मिळाला. पुढे शंभर कोटींहून अधिक लोकांना जी ओळख मिळाली, तिची सुरुवात सातपुड्याच्या पायथ्याशी झाली. टेंभली सपाटीवर आहे. तिथून उत्तरेला नजर टाकली की डोंगर दिसतो, आणि खरा प्रश्न त्या डोंगरात आहे. क्रमांक डोंगरातही पोचला. पण तो वापरायला जे लागतं, म्हणजे रेंज, चालू फोन आणि पडद्यावर आलेलं वाचून कळणं, ते तिथे पोचायला पंधरा वर्षं पुरली नाहीत.

तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट लागतो, अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोईचा. घाट चढताना फोनच्या पट्ट्या एकेक करून जातात, माथ्यावर एखाद्या वळणाला परत येतात आणि पलीकडे उतरताच पुन्हा जातात. यात गूढ काही नाही. मोबाइलच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगराच्या आड गेलेलं घर टॉवरच्या सावलीत पडतं. त्यात भिल्ल आणि पावरा वस्ती मैदानी गावांसारखी एका जागी दाट नसते. प्रत्येक घर आपल्या शेतात, टेकडीच्या उतारावर, शेजाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर किंवा त्याहूनही दूर. एका महसुली गावात अनेक पाडे, आणि दोन पाड्यांमध्ये एखादी खोल नाल्याची दरी. म्हणून ‘गावात नेटवर्क आहे’ या कागदावरच्या वाक्याला इथे फारसा अर्थ उरत नाही. ते पंचायतीजवळच्या पाड्याला लागू पडतं, दरीपलीकडच्या घराला नाही.

नर्मदाकाठची गावं तर आणखी वेगळी. सरदार सरोवराने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित केली आणि ती सगळी याच जिल्ह्यातली, धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांतली. २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा पूर्ण भरलं. फुगवट्याचं पाणी दऱ्यांत शिरलं, तशा काही वस्त्या तीन बाजूंनी पाण्याने वेढल्या. तिथे बाजार होडीने, दवाखाना होडीने आणि अंगणवाडीही होडीने. चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर जाते आणि बाळांची वजनं घेते, ही बातमी २०२० मध्ये देशभर गाजली. तिच्या धाडसाचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण वजनं घेऊन झाल्यावर ती मोबाइलमध्ये भरायची असतात. त्यासाठी सेविकांनी रेंज कुठून आणायची, याकडे त्या कौतुकात फारसं कोणी वळलं नाही.

सातपुड्यात इंटरनेट आधी सोय म्हणून आलं नाही, मागणी म्हणून आलं. मार्च २०२१ पासून अंगणवाडीचं काम पोषण ट्रॅकर या ॲपवर गेलं. ॲप सुरुवातीला इंग्रजीत होतं आणि आधी दिलेल्या मोबाइलना ते पेलत नव्हतं. त्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभरच्या सेविकांनी सरकारचे मोबाइल सरकारलाच परत केले. मराठीत ॲप द्या आणि चालणारा फोन द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या हजेरीसाठी दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो ॲपवर चढवणं सक्तीचं झालं. दरीत बंधाऱ्याचं काम करणाऱ्याच्या मजुरीची वाट अशी एका फोटोतून जाऊ लागली. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं यंत्र आलं. पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर करायची ठरली. शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, वनहक्काच्या कागदांची प्रत, सगळं ‘ऑनलाइन’. इथल्या बाजारात ‘सर्व्हर डाउन’, ‘अंगठा लागत नाही’ आणि ‘ओटीपी आला नाही’ हे शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही पाठ आहेत.

२०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. ऑक्टोबरमध्ये धडगाव तालुक्यातून बातम्या आल्या की बायका डोंगर चढून टेकडीवर जमतात आणि झाडाच्या फांद्यांना मोबाइल टांगून रेंजची वाट पाहतात. फोटो सगळीकडे फिरला. त्यामागची अडचण नुसत्या रेंजची नव्हती. या ई-केवायसीला बाईचा स्वतःचा ओटीपी लागत होता, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा दुसराही. घरात फोन एकच, नंबर नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा कामाला गुजरातेत, फोनसह. किंवा आधार काढताना जो नंबर दिला तो रिचार्ज न केल्याने केव्हाच बंद पडून दुसऱ्या कोणाला गेलेला. झाडाखाली उभ्या असलेल्या बाईला रेंज मिळाली तरी ओटीपी का मिळत नव्हता, ते असं. महिन्याला १,५०० रुपये हे त्या घरातलं मोठं उत्पन्न आहे. ते टिकवायला टेकडी चढावी लागली, यात त्या बाईचं काही चुकलेलं नाही.

म्हणून ‘डिजिटल साक्षरता’ म्हणजे लोकांना शिकवणं, एवढाच अर्थ घेणं मला अन्यायाचं वाटतं. माहितीची मागणी करणाऱ्या यंत्रणेने ती पुरवण्याची वाटही द्यायला हवी. कागदाच्या काळात तलाठी पायी पाड्यावर यायचा. आता तो आला नाही तरी चालतं, असं धरून चाललो आहोत आणि त्याचे कष्ट पाड्यावरच्या बाईकडे सरकवले आहेत.

रेंज का येत नाही, याचं उत्तर पैशात आहे. टॉवरला रस्ता लागतो, वीज लागते, ती गेली की बॅटरी किंवा डिझेल लागतं, आणि मागे फायबर किंवा समोरच्या डोंगरावरच्या दुसऱ्या टॉवरशी थेट नजरजोड लागते. एवढं करून ग्राहक विरळ. कंपनीला ते परवडत नाही. नेमक्या याच अडचणीसाठी देशात २००२ पासून एक निधी आहे. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम त्यात भरतात. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा निधी म्हणत, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. कंपनीचा महसूल म्हणजे ग्राहकांचे पैसे. बाजाराच्या दिवशीच रेंज मिळणाऱ्या त्या माणसाच्या २९९ रुपयांतूनही या निधीत काही पैसे पडतात. त्यामुळे पाड्यावर टॉवर मागताना उपकार मागितल्यासारखं बोलायचं कारण नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच राज्यांतल्या आकांक्षित जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांत ४जी पोचवायला सुमारे ६,४६६ कोटी रुपये मंजूर केले, ते याच निधीतून. महाराष्ट्र त्या पाचांत होता. पुढच्या वर्षी बीएसएनएलकडे त्याहून मोठं काम सोपवलं गेलं.

फायबरची कथा याहून जुनी. ऑक्टोबर २०११ मध्ये देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायचं ठरलं. त्याचंच पुढे भारतनेट झालं, महाराष्ट्रात महानेट. कल्पना चांगलीच आहे. पण ती ग्रामपंचायतीच्या भिंतीपाशी थांबते. सातपुड्यात ग्रामपंचायतीचं कार्यालय एका पाड्यात असतं आणि बाकीचे पाडे डोंगरापलीकडे. शेवटचे तीन-चार किलोमीटर कोण जोडणार, हा प्रश्न मोकळाच राहतो.

या शेवटच्या तुकड्यावर महाराष्ट्रात काम झालेलं आहे, ते फार जणांना माहीत नाही. आयआयटी मुंबईत अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली ‘ग्राममार्ग’ हा प्रकल्प उभा राहिला. पालघर जिल्ह्यातल्या गावांमध्ये त्यांनी दूरदर्शनच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट नेऊन पाहिलं, पुढे साध्या वायफायच्या लांब पल्ल्याच्या जोडणीवरून. मोठा टॉवर नाही, परवान्याच्या महाग लहरी नाहीत. २०१७ मध्ये मोझिलाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या कामाचा गौरव झाला. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातल्या डोंगरात २०१३ मध्ये तालेआ दे कास्त्रो या झापोतेक आदिवासी गावाने तर स्वतःचंच मोबाइल जाळं उभारलं, कारण मोठ्या कंपन्या यायला तयार नव्हत्या. २०१६ मध्ये तिथल्या आदिवासी समुदायांच्या संस्थेला सरकारने रीतसर परवाना दिला. तिथे जाळं कोणाचं आणि महिन्याला किती पैसे घ्यायचे, हे गावाच्या सभेत ठरतं. आपल्याकडे आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली आहे. तेंदूपानाचा लिलाव ग्रामसभा करू शकते, तर वायफायचा दर ती का ठरवू शकणार नाही?

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यानुसार चहाची टपरी, किराणा दुकान किंवा बचतगट सार्वजनिक वायफाय चालवू शकतो, परवाना नको, शुल्क नको. लहान कूपन विकता येतं, त्या दिवसाला हवं तेवढंच. योजना बरीच वर्षं रखडली, त्याचं एक मोठं कारण असं की टपरीवाल्याला जोडणी देताना कंपन्या त्याला घरगुती ग्राहक न मानता मोठ्या कार्यालयाचे दर लावत. दूरसंचार नियामकाने जून २०२५ मध्ये यावर मर्यादा घातली. घरगुती फायबरच्या दुपटीपेक्षा जास्त दर आता लावता येत नाही. ही बातमी वृत्तपत्रांत कोपऱ्यात आली. मोलगीच्या बाजारपेठेतल्या एखाद्या बचतगटासाठी ती पहिल्या पानाची होती. दहा बायकांनी २९९ चे दहा पॅक घेण्याऐवजी एक जोडणी घ्यायची आणि कामापुरती वापरायची, हा परवडण्याचा खरा मार्ग आहे.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. उपग्रहावरून इंटरनेट देण्यासाठी ज्या दुर्गम जिल्ह्यांची नावं घेतली गेली, त्यांत नंदुरबार आहे. उपग्रहाला डोंगराची सावली कमी आडवी येते, तबकडीला मोकळं आकाश दिसलं की पुरतं. नर्मदाकाठच्या वस्त्यांसाठी हा मार्ग मला सर्वांत जवळचा वाटतो. पण तबकडी म्हणजे हापशाच. बसवताना फोटो निघतो, दांडा तुटल्यावर कोणी येत नाही. वीज गेली तर सौर पॅनल कोणाच्या ताब्यात, महिन्याचं बिल कोण भरणार, पासवर्ड कोणाकडे, हे आधी ठरलं नाही तर ती आश्रमशाळेच्या छपरावर गंजेल.

आणि ठरलं तरी, पुढे काय? १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरातली ७० गावं संगणकाने जोडण्याचा मोठा प्रयोग झाला. केंद्र आणि राज्य सरकार, वारणा सहकारी समूह, सगळे सोबत. गावोगावी माहिती केंद्रं बसली आणि जगभरची माहिती शेतकऱ्याला मिळेल असं वाटलं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी तिथे पाहिलं तेव्हा शेतकरी मुख्यतः दोन-तीनच गोष्टींसाठी येत होते. आपला ऊस किती भरला, पैसे किती झाले, खताचं काय. तेवढं तर साध्या मोबाइलच्या एसएमएसवरही देता येतं, म्हणून त्यांनी काही गावांत संगणकाच्या जागी तसं करून दाखवलं. वारणेचा धडा नंदुरबारला आजही लागू आहे. लोकांना काय हवं ते आधी विचारा.

धडगावकडच्या माणसाला काय हवं, याचा अंदाज अवघड नाही. आमचूर आणि मोहाच्या फुलाला आज काय भाव आहे. मिरची नंदुरबारच्या बाजार समितीत न्यावी की थांबावं. खात्यात मजुरी जमा झाली का. रक्ताचा अहवाल आला का. गुजरातेत ऊसतोडीला गेलेला मुलगा दिसतो कसा. यातलं शेवटचं कोणीही न शिकवता लोक शिकले. व्हिडिओ कॉल, आवाजातले निरोप, गाणी, हे सगळं सातपुड्यातली तरुण मुलं झपाट्याने करतात. म्हणजे अडचण बुद्धीची नाही, पडद्यावरच्या अक्षरांची आहे.

सरकारने शिकवण्याचा मोठा प्रयत्न केला. फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर झालं. सहा कोटी ग्रामीण घरांतून एकेक माणूस, वीस तासांचं प्रशिक्षण, शेवटी ऑनलाइन परीक्षा. ३१ मार्च २०२४ रोजी ते संपलं तेव्हा देशभरात सहा कोटींवर लोक शिकल्याची नोंद होती. पण ज्या पाड्यावर रेंज नाही तिथे ऑनलाइन परीक्षा कशी द्यायची? आणि घरातला एकच माणूस शिकवायचा म्हटल्यावर तो बहुतेक वेळा मुलगा निघतो, त्याची आई नाही. एमएस-सीआयटीचंही असंच आहे. त्या अभ्यासक्रमाने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींना संगणकासमोर बसवलं, हे मोठं काम आहे. पण तो नोकरीच्या अर्जाला लागणारा कागद आहे. मोहाची फुलं वेचणाऱ्या बाईसाठी तो कोणी आखलेलाच नाही.

तिला शिकवायचं तर पावरी, मावची, देहवाली, भिलोरीत शिकवावं लागेल. तिच्यासाठी मराठीही शाळेची भाषा आहे. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी आदि-वाणी हे भाषांतराचं ॲप चाचणी स्वरूपात आणलं, त्यात संथाळी, मुंडारी, गोंडीसोबत भिली आहे. ही सुरुवात स्वागतार्ह आहे. फक्त झाबुआची भिली आणि धडगावची पावरी एक नव्हे, हे बनवणाऱ्यांनी नंदुरबारला येऊन ऐकावं. छत्तीसगडमध्ये २०१० पासून सीजीनेट स्वराने लोकांना साध्या फोनवरून आपल्या भाषेत बातमी बोलायची आणि ऐकायची सोय दिली. टाळेबंदीत जव्हार-मोखाड्यात दिगंत स्वराज फाउंडेशनने लाउडस्पीकरवर ‘बोलकी शाळा’ भरवली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाज हेच खरं तंत्रज्ञान आहे.

आणि शिकवणाऱ्या कोण? त्या आधीच पाड्यावर आहेत. अंगणवाडी सेविका, आशा, ‘उमेद’ आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या बचतगटांतल्या सखी. बँक सखी आजही लहान यंत्रावर पाड्यात पैसे काढून देते. नाइलाजाने का होईना, ॲप, अंगठा आणि ओटीपी यांच्याशी झुंज त्यांनी रोज दिली आहे. जिल्ह्यात एवढं कौशल्य तयार आहे आणि आपण त्याला अजून पगाराचं काम मानलेलं नाही. त्यांना या कामाचं वेगळं मानधन द्या, चांगला फोन द्या, रिचार्ज वेळेवर द्या. पहिला धडा कोणतं बटण दाबायचं याचा नको, कोणतं दाबायचं नाही याचा हवा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, अंगठा लावल्यावर पावती मागायची, रक्कम वाचून घ्यायची, फसवणूक झाली तर त्याच दिवशी १९३० वर फोन करायचा. नव्याने खात्यात पैसे येऊ लागलेल्या बाईला याची सर्वांत जास्त गरज आहे.

वेळेचंही भान हवं. सरकारी प्रशिक्षणं जानेवारी-फेब्रुवारीत, आर्थिक वर्ष संपता संपता उरकली जातात. त्या दिवसांत धडगाव-अक्कलकुव्यातले अनेक पाडे रिकामे असतात. दिवाळी झाली की लोक गुजरातेत ऊसतोडीला आणि बांधकामावर निघतात, मुलंबाळं आणि फोनही सोबत. ते परततात भोंगऱ्या बाजाराच्या सुमारास, होळीला. काठी गावच्या होळीपासून पहिल्या पावसापर्यंतचे तीन महिने लोक घरी असतात, मोह आणि आंबा हाताशी असतो आणि संध्याकाळी वेळही असतो. शिकवणी, तबकडी बसवणं, बंद पडलेले नंबर आधारला नव्याने जोडून देणं, सगळं त्या तीन महिन्यांत पाड्यावर जाऊन करावं लागेल. त्याची मंजुरी आणि पैसे मात्र दिवाळीतच हवेत.